एंटरच्या आधी

३ नोव्हेंबर, सोमवार

धडे जाणार! सगळेच्या सगळे. वीस तारखेला, संध्याकाळी सहा वाजता.

मला कळलं तेही दुसऱ्याकडून. बाबांचा एक जुना विद्यार्थी — डोळ्यांनी दिसत नाही, इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहे — त्याचा दुपारी फोन. ‘ताई, सरांचे धडे ज्या साइटवर आहेत ना, ती बंद होतेय. तुम्ही उतरवून घेतले असतीलच.’ असतीलच म्हणे! मी विचारलं, ‘तुझ्याकडे नाहीत का?’ तर म्हणतो, ‘सर रोज नवा टाकायचे हो. साठवायचं कधी सुचलंच नाही.’

अकराशे चार धडे आहेत. आज पहिल्यांदा आकडा बघितला. अंधशाळेतून निवृत्त झाल्यावर बाबा रोज एक रेकॉर्ड करायचे. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत नुसत्या ओळी लिहून काम कसं करायचं, त्याचे. माउस नाही, चित्रं नाहीत, जे लिहाल ते मशीन वाचून दाखवतं — त्यांच्या पोरांना तेच सोयीचं. आई गेल्यावर सुरू केलं. मी दिवसभर छापखान्यात प्रुफं तपासणार, घरी येऊन डोळे मिटून पडणार. बोलायचं कुणाशी त्यांनी?

मी एकही धडा ऐकलेला नाही. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार.

फोनवरूनच रेकॉर्ड करायचे, तिथूनच थेट साइटवर. ऑगस्टमध्ये झटका आला, बाजारात पडले, फोनही त्यांच्याबरोबर पडला तो फुटलाच. उजवा हात-पाय गेला. बोलणं गेलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

स्पीचच्या बाई आल्या होत्या. महिना झाला येतायत, बाबांच्या तोंडून ‘ऊ... ऊ...’ च्या पुढे गाडी नाही. आज पेनड्राइव्ह काढला, ते ‘ऊ... ऊ...’ रेकॉर्ड केलं. प्रगती मोजायला म्हणे. ‘फाइलीला नाव काय देऊ?’ ‘द्या ‘बाबा’.’ दुसरं काय देणार?

मग जाता जाता दारात थांबल्या. ‘रोज न चुकता म्हणायचे असं काही वाक्य आहे का यांचं? जे हजारदा तोंडातून गेलंय ते कधीकधी वेगळ्या कप्प्यात शाबूत राहतं. त्यांच्याच आवाजात सतत ऐकवलं तर सुटतं एखाद्याचं. खात्री नाही देत.’

आहे की! घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ आहे. ‘एंटरच्या आधी एकदा वाच.’ प्रत्येक धड्याच्या शेवटी म्हणायचे असं ऑपरेटर सांगतो. मला तर कशाच्याही शेवटी म्हणायचे. पत्र टाकायला निघाले, एंटरच्या आधी एकदा वाच. लग्न ठरलं तेव्हाही म्हणाले होते. नाही वाचलं. सव्वा वर्षात परत आले.

म्हणजे ते धडे पाहिजेत. आठवण म्हणून नव्हे, औषध म्हणून पाहिजेत. बाईंना म्हटलं, ‘अकराशे वेळा आहे माझ्याकडे!’ थाप मारली. एकदाही नाहीये अजून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साइटवर ऐकता येतं, उतरवून घेता येत नाही. तसं बटणच नाही. पानाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरात एक सोय आहे — सगळ्या धड्यांच्या पत्त्यांची यादी. ती घेतली. अकराशे चार ओळी, नवा धडा वर, जुना तळाला. प्रत्येक ओळीत वेगळा आकडा आणि शेवट मात्र सगळ्यांचा एकच — ‘आवाज डॉट एमपीथ्री’. एकाखाली एक, काय सुबक दिसतंय! चांगल्या जुळाऱ्याने खिळे बसवल्यासारखं.

आता ही यादी घेऊन करायचं काय, देवाला माहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

छापखान्यात वायरमामांना विचारलं. आमचे सगळे कॉम्प्युटर तेच बघतात, गळ्यात कायम एक वायर, म्हणून वायरमामा. यादी दाखवायला गेले तर बघितलीही नाही, नुसतं ऐकलं.

‘लॅपटॉपवर लिनक्स आहे ना तुमच्या? मग डब्ल्यू-गेट. डोळे मिटून डब्ल्यू-गेट. यादी द्यायची आणि सोडून द्यायचं. नेट गेलं तर वाट बघतं, आलं की जिथे सोडलं तिथून धरतं. म्हातारं आहे, सावकाश चालतं, पण घरी आणून पोचवतं.’

संध्याकाळी दादाचा फोन. तो तिकडे, साता समुद्रापार. डब्ल्यू-गेट म्हटल्यावर हसला. ‘अगं, ते कोण वापरतं आता? आरिया घे. एका वेळी सोळा धारांनी ओढतं. अर्ध्या तासात काम फत्ते.’

एक म्हणतो सावकाश चांगलं, दुसरा म्हणतो झटपट चांगलं. मी दोघांनाही ‘हो हो’ म्हटलं. बाबांना विचारता आलं असतं तर एका वाक्यात काम होतं. ते समोरच बसलेत.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही लॅपटॉपवर नाहीत! डब्ल्यू-गेट नाही, आरिया नाही. आणायचं तर मालकाचा पासवर्ड मागतंय. मालक कोण? बाबा! हा लॅपटॉप त्यांनीच मला बसवून दिला होता, ‘तू काहीतरी उडवशील’ म्हणून किल्ली स्वतःकडे ठेवली. मी हसले होते तेव्हा. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर तर कुलूपबंदच आहे.

बाबांची खुर्ची टेबलाशी आणली. कीबोर्ड डाव्या हाताखाली दिला. ‘बाबा, पासवर्ड. तेवढा टाका.’ बराच वेळ अक्षरांकडे बघत राहिले. एक बोट खाली आलं, थांबलं, दुसरीकडे गेलं. उजवा हात मांडीवर पडलेला, त्याच्याकडे बघितलं त्यांनी. जणू तोच सांगणार होता. तीनदा टाकलं, तीनदा चूक. मग कीबोर्ड ढकलून दिला आणि मान फिरवली.

पंचवीस वर्षं ज्यांनी आंधळ्या पोरांना त्याच बटणांवर बोटं ठेवायला शिकवली! मी उगाच बसवलं त्यांना. उगाच.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर सांभाळायला येतात त्या मावशींनी आणि बाबांनी मिळून खुणा ठरवल्यात. डाव्या हाताने टेबलावर थाप. एक थाप पाणी, दोन थापा बाथरूम, तीन म्हणजे कुठेतरी दुखतंय. मावशी म्हणाल्या, ‘शहाणे आहेत हो तुमचे बाबा, एका दिवसात शिकले.’ जणू बालवाडीतच आहेत!

पण खुणा आहेत हे बरं झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादाशी भांडण. कारण तेच. तो म्हणतो, ‘पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू कर, पासवर्ड बदल, आरिया टाक, दहा मिनिटांचं काम.’ मी म्हटलं, ‘आणि लॅपटॉप उडाला तर?’ ‘नाही उडत गं!’ उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय! वायरमामांना आरियाचं सांगितलं तर म्हणाले, ‘सोळा धारा? त्या साइटने दार लावून घेतलं तर बसा बोंबलत. एक ना धड भाराभर चिंध्या.’

तेही खरंच वाटतं. दादाचंही खरं वाटतं. शेवटचं ज्याचं ऐकते त्याचं खरं वाटतं. सात दिवस राहिले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वायरमामा बुधवारी घरी येणार. ‘सुट्टी आहे माझी. येतो, पासवर्डचं बघतो, डब्ल्यू-गेट टाकतो, यादी देतो, चहा पितो, जातो.’ बुधवार म्हणजे एकोणीस. एक दिवस हातात राहतो. जीव भांड्यात पडला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दादाने सकाळी पुन्हा फोन केला. भांडण झाल्यावर तो असाच करतो, काही झालंच नाही असं. ‘तुझ्या मशीनवर कर्ल असेल बघ, तेही फाइल उतरवून घेतं. लिहून बघ.’ लिहिलं. आहे! आधीपासून होतं, पासवर्डबिसवर्ड काही नको. यादीतली सगळ्यात वरची ओळ उचलली, पुढे कर्ल, एक डॅश, मोठा ओ. ‘मोठा ओ म्हणजे फाइल तिच्या स्वतःच्या नावाने ठेव,’ दादा म्हणाला. एंटर. शंभर टक्के! फोल्डरमध्ये ‘आवाज’!

लावला. बाबांचा आवाज खोलीत आला. ‘नमस्कार मंडळी, आज जरा घसा बसलाय...’ मी पटकन बंद केला. बाबांनी मान वर केली, डोळे एकदम मोठे. ‘सगळे येऊ देत बाबा, मग सावकाश ऐकू,’ म्हटलं. त्यांनी एक थाप मारली. पाणी दिलं. प्यायले नाहीत.

दादा म्हणाला, ‘हेच यादीभर चालवता येतं. ओळ पाठवतो.’ मी म्हटलं, नको, उद्या वायरमामा येतायत, ते नीट करतील. तर म्हणे, ‘बघ बाई.’

१९ नोव्हेंबर, बुधवार

वायरमामा आले नाहीत. छापखान्यातलं मोठं मशीन बसलं, सुट्टीच्या दिवशी त्यांना बोलावून घेतलं. चार वेळा फोन केला, चौथ्यांदा उचलला. मागे सगळ्यांचा आरडाओरडा. ‘ताई, आज शक्यच नाही हो. उद्या बघतो.’

उद्या बघतो! उद्या सहाला संपतंय सगळं.

दादाला लिहिलं: ती ओळ पाठव.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळचे सात. क्रमाने लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

रजा टाकली. नऊ वाजता दादाची ओळ जशीच्या तशी लिहिली. यादीतली एकेक ओळ घ्यायची, कर्लला द्यायची, मोठा ओ लावायचा. एंटर मारला. चालू! एक झाला, शंभर टक्के. दुसरा, शंभर टक्के. आकडे भरभर वर सरकत होते. मी वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या. मावशींना बोलावून दाखवलं. सगळा घोळ पंधरा दिवस उगाच घातला, आपल्याला जमलं की, असं वाटलं. हो, वाटलं! चांगलंच वाटलं.

बाबांची खुर्ची माझ्या शेजारीच होती. तेही पडद्याकडे बघत होते. दहाच्या सुमाराला थापा सुरू झाल्या. दोन समजून बाथरूमला नेलं. नाही. परत आणलं. पुन्हा थापा. पाणी दिलं, तोंड फिरवलं. ‘कुठे दुखतंय का?’ पाय दाबले, पाठ बघितली. थापा चालूच. एक नाही, दोन नाहीत, तीन नाहीत — पाच, सात, दहा. तीनच्या पुढे आमची खूणच नाही. पुन्हा बाथरूमला नेलं. तिथे बसवल्यावर माझ्याकडे असे बघत होते, की मीच नजर वळवली.

मावशी म्हणाल्या, ‘अहो, ते काहीतरी सांगतायत.’

मी म्हटलं — लिहायला हात धजत नाहीये — मी म्हटलं, ‘त्यांना काय कळतंय आता! पडदा हलतोय म्हणून चेकाळलेत.’ त्यांच्यासमोर.

आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. पडदा दिसू नये म्हणून. मग पाचसात थापा खुर्चीच्या हातावर मारल्या त्यांनी. मग बंद. मला वाटलं, चला, शांत झाले. जेवण भरवलं तेव्हा तोंड उघडलं, गिळलं, पुन्हा भिंत.

पाच चाळीसला शेवटची ओळ झाली. अकराशे चार! वीस मिनिटं हातात ठेवून! दादाला फोन लावला, ‘झालं!’ असं ओरडले. ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणाला. आम्ही दोघंही हसत होतो. दहाएक मिनिटं हसत होतो. मग फोल्डर उघडला.

एक फाइल. आवाज डॉट एमपीथ्री. एकच.

मला वाटलं बाकीच्या दुसरीकडे असतील. शोधलं. दादा हळूच म्हणाला, ‘यादीत नावं कशी आहेत? शेवटचा शब्द वाच.’ वाचला. ‘पुढच्या ओळीचा?’ वाचला. ‘त्याच्या पुढच्या?’

सगळ्यांचं नाव एकच. कर्लने पहिली आणली, ठेवली. दुसरी आणली, त्याच नावाची, म्हणून पहिलीवर ठेवली. पहिली गेली. तिसरी दुसरीवर. विचारलं नाही, सांगितलं नाही. अकराशे तीन वेळा! डब्ल्यू-गेट असतं तर आपोआप एक, दोन, तीन असे आकडे लावत गेलं असतं, आरियानेही लावले असते, असं दादाने आता सांगितलं. आता! वरातीमागून घोडं. मी ओरडले, ‘आधी नाही सांगता आलं?’ तो म्हणाला, ‘मी यादी बघितली होती का? यादी तुझ्याकडे होती!’

माझ्याकडेच होती. सुबक दिसते म्हटलं होतं. दिवसभर लोकांच्या ओळी वाचून पोट भरणारी बाई मी!

सहाला पाच कमी होते. पुन्हा चालवली. एक धडा आला, दुसरा त्याच्यावर बसायला लागला, मग भीतीने मीच थांबवलं, आता आहे तो पण जाईल म्हणून. दादा काहीतरी सांगत होता, फोल्डर वेगळा कर, नाव दे, आकडा लाव. ऐकू येत होतं, हात चालत नव्हते. सहा वाजून एक मिनिटाने पान उघडलं तर — ‘इतकी वर्षं आमच्याबरोबर राहिल्याबद्दल आभार.’

खुर्ची परत वळवली. बाबा माझ्याकडे बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

पडदा त्यांनी पहिल्या तासातच वाचला होता. पंचवीस वर्षं हेच शिकवत होते. त्यांना कळलं, ते सांगत होते, आणि मी त्यांना बाथरूमला नेत होते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कामावर गेले. वायरमामा स्वतः आले टेबलापाशी, वायर काढून हातात धरलेली. ‘काल मी यायला हवं होतं.’ मी म्हटलं, ‘तुमचा काय दोष.’ दिवसभरात सोळा पानं तपासली, आठ चुका सोडल्या असतील.

साइटवाल्यांना लिहिलंय. उत्तर आलं, आपोआप येतं तसलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ऑपरेटरला सांगायचं होतं. दोनदा नंबर लावून बंद केला. तिसऱ्यांदा बोलले. तो म्हणाला, ‘ताई, मी गाडीत ऐकायचो सरांना. कामावर जाता-येता.’ एवढंच म्हणाला. दोष दिला असता तर मला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं!

२३ नोव्हेंबर, रविवार

जी फाइल उरली ती कुठली, हे बघायचं धाडसच होत नव्हतं. त्या दिवशी घाबरून पुन्हा चालवलेल्या दोन धड्यांतला दुसरा असणार, असं दादा म्हणाला. म्हणजे वरून दुसरा — शेवटच्याच्या आदल्या दिवसाचा. पण नाही. त्या वेळी मी दुसऱ्याच फोल्डरमध्ये होते, घाईत कळलंच नाही. तो धडा तिथे अर्धाच पडलाय, वाजत नाही. आणि पहिल्या फोल्डरमध्ये यादीतली सगळ्यात खालची ओळ. जुन्यात जुना.

धडा पहिला.

लावला. बाबा समोर. आता खुर्ची कायम टेबलाशी, पडद्याकडे तोंड करून. पुन्हा कधी वळवणार नाही, हे मी त्यांना सांगितलंय. ऐकलं की नाही कोण जाणे.

खोकला. मग, ‘हं. तर मंडळी. हे चालू आहे की नाही कुणास ठाऊक.’ मग लांबून माझा आवाज! ‘बाबा, चहा ठेवू का?’ ‘थांब गं, रेकॉर्डिंग चालू आहे.’ ‘कसलं?’ ‘तुला नाही कळायचं.’ आणि हसले. इतकं मोकळं हसायचे ते? अकरा मिनिटांचा आहे. शेवटी — ‘आणि एक नियम. मशीन तुम्हाला विचारत बसणार नाही, खात्री आहे का म्हणून. ते आपलं आपण विचारायचं. एंटरच्या आधी एकदा वाच. काय? एंटरच्या आधी एकदा वाच.’

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. मला रडू आवरेना, म्हणून स्वयंपाकघरात गेले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

स्पीचच्या बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील एवढ्या एकाने काय होणार. म्हणाल्या, ‘एक आहे ना? तोच लावा. रोज.’

सकाळ-संध्याकाळ लावते. बाबा ऐकतात किंवा ऐकत नाहीत. मान वळवून भिंतीकडे बघतात. पूर्वी थापा तरी मारायचे. वीस तारखेपासून तेही बंद. पाणी हवं असेल तरी थाप नाही. मावशी अंदाजाने पाजतात.

पालथ्या घड्यावर पाणी. मी स्वतःला म्हणतेय, बाबांना नव्हे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लावला. काही नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

अकरा मिनिटं आता मला तोंडपाठ आहेत, खोकल्यासकट. माझ्या ‘चहा ठेवू का?’ च्या आधी मी आता दर वेळी उठते आणि खरंच चहा ठेवते. आज बाबांना म्हटलं, ‘बाबा, माझी चूक झाली. मी खुर्ची वळवली.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. बरंच बघितलं. डाव्या हाताने माझं मनगट धरलं, सोडलं. याचा अर्थ काय घ्यायचा? अर्थ लावायची आता भीतीच वाटते.

३ डिसेंबर, बुधवार

दादाचा फोन. ‘त्या धड्याची प्रत काढलीस का? एकच आहे, लॅपटॉप बसला तर?’ तोंडचं पाणीच पळालं. दहा दिवस झाले, सुचलंच नाही! स्पीचच्या बाईंनी त्यांचा पेनड्राइव्ह इथेच ठेवलाय, त्यावर घे म्हणाला. काळ्या खिडकीतून कसं करायचं ते दोनदा सांगितलं. आधी कुठून, मग कुठे. आधी कुठून, मग कुठे. ‘आणि ते ‘आवाज’ नाव आधी बदल बाई, मला ते ऐकवत नाही.’

नाव बदललं. ‘बाबा’ ठेवलं. उद्या प्रत काढते, आज दिवसभराच्या प्रुफांनी डोळे मिटतायत.

४ डिसेंबर, गुरुवार

ओळ लिहिली. बोट एंटरवर. शेजारून थाप आली, चौदा दिवसांनी पहिली! ‘देते हं पाणी, एकच मिनिट,’ म्हटलं. मग आवाज. घोगरा, अडखळत. मला वाटलं धडा लागला. धडा बंद होता.

‘आधी... एक... दा वाच.’

वाचली. उलटी लिहिली होती मी. पेनड्राइव्हवरचा ‘ऊ... ऊ...’ वाला ‘बाबा’ धड्याच्या ‘बाबा’वर चढवत होते.